यंत्राची रोजकीर्द

१९८६ सालच्या मार्च महिन्याची २१ तारीख. अमेरिकेच्या टेक्सस संस्थानात टायलर या गावी कर्करोगावर किरणोपचार करणारे एक रुग्णालय होते. तेथे ‘थेरॅक-२५’ नावाच्या यंत्राखाली एक रुग्ण निजला होता, आणि यंत्र चालविणाऱ्या बाई जाड भिंतीपलीकडे निराळ्या खोलीत पडद्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी उपचाराची माहिती भरली. एक अक्षर चुकले म्हणून मागे जाऊन ते चटकन दुरुस्त केले. आणि उपचार सुरू करण्याची आज्ञा दिली. यंत्र क्षणात थांबले. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘मालफंक्शन ५४’, म्हणजे ‘बिघाड क्रमांक ५४’. या आकड्याचा अर्थ काय? यंत्राबरोबर जो खुलाशाचा कागद होता त्यात एवढेच लिहिले होते की, हा ‘डोस इनपुट २’ या जातीचा दोष होय. पडद्यावरचा दुसरा आकडा तर असे सांगत होता की रुग्णाला ठरल्यापेक्षा फारच थोडे किरण मिळाले आहेत. यंत्राचे असले थांबणे नित्याचेच झाले होते. बाईंनी ‘पुढे चालू’ ही कळ दाबली. वस्तुतः पहिल्याच वेळी त्या माणसाच्या पाठीवर ठरल्याच्या सुमारे शंभरपट मारा झाला होता. आता तो पुन्हा झाला. आतली खोली दाखविणारा पडदा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाज पोहोचविणारे उपकरण नादुरुस्त होते, त्यामुळे त्याचा आक्रोशही बाहेर ऐकू आला नाही. पाच महिन्यांनी तो मरण पावला.

यंत्र मुके होते असे कोणासही म्हणता येणार नाही. ते बोलले, वेळेवर बोलले. परंतु जे बोलले ते ऐकणाऱ्याच्या काडीइतके उपयोगाचे नव्हते. काय घडले ते त्यात नव्हते. ते किती गंभीर आहे ते नव्हते. आणि पुढे काय करू नये, तेही नव्हते. १९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत या यंत्रांवर असे सहा अपघात घडले. त्यांचा सविस्तर अभ्यास नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यात कारणे पुष्कळ दिली आहेत. पण एक शिफारस अगदी साधी आहे. चूक झाल्यास तिचा माग काढता यावा अशी नोंदीची सोय आज्ञावली लिहावयास घेतानाच केली पाहिजे. ती मागाहून ठिगळ लावल्याप्रमाणे जोडावयाची वस्तू नव्हे.

नोंदीचे हे महत्त्व मराठी वाचकाला निराळे पटवून द्यावयास नको. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दी आहेत आणि आपल्या वाङ्मयात बखरीही आहेत. बखर वाचावयास गोड. पण ती पुष्कळदा घटनेनंतर वर्षांनी, आठवणीवर आणि अभिमानावर लिहिलेली. रोजकीर्द रुक्ष, पण ज्या दिवशीचा खर्च त्याच दिवशी मांडलेला. वाद पडला म्हणजे इतिहाससंशोधक रोजकीर्दीकडे धाव घेतो. इंग्रजी खलाश्यांची रोजकीर्द म्हणजे ‘लॉगबुक’. दोरीला गाठी मारून तिच्या टोकाला लाकडाचा ओंडका बांधावयाचा, तो समुद्रात टाकावयाचा, आणि ठरल्या वेळात किती गाठी सुटल्या त्यावरून जहाजाचा वेग वहीत लिहावयाचा. ओंडक्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. वहीने त्याचे नाव घेतले, आणि वहीचे नाव पुढे संगणकाने घेतले. आज्ञावली चालू असताना ती आपल्याविषयी जे लिहून ठेवते, त्याला आज लॉगच म्हणतात.

थेरॅकची आज्ञावली सी भाषेतील नव्हती. तथापि तिच्यातून निघणारा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो सी भाषेतच, आणि त्यातही लायब्ररीच्या बाबतीत. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविली. पन्नास वर्षे उलटली तरी तिचे राज्य संपलेले नाही. खिशातल्या फोनपासून बँकेतल्या संगणकापर्यंत पायातले दगड बहुधा तिचेच असतात. लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे आलय नव्हे. एकदा नीट लिहून ठेवलेली आणि शेकडो निरनिराळ्या आज्ञावलींना उसनी मिळणारी कामे, त्यांचा संच म्हणजे लायब्ररी. उदाहरणार्थ ‘एस्क्यूलाइट’. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली सुरू केली. माहिती नीट रचून ठेवणे आणि मागितली म्हणजे काढून देणे, हे तिचे काम. श्रोत्यांच्या घरी आज जे फोन असतील त्यांतील जवळजवळ प्रत्येकात ती आहे, आणि तिचे नाव घरातील कोणासही ठाऊक नाही. लायब्ररीचे जीवन असेच असावयाचे: काम दुसऱ्याच्या घरात, आणि नाव घरधन्याचे.

दुसऱ्याच्या घरात, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. लग्नघरी बोलाविलेला आचारी डोळ्यांसमोर आणावा. पंगत बसली आहे आणि आत तूप संपत आले. आचाऱ्याने काय करावे? मांडवात येऊन व्याह्यांसमोर “तूप संपले हो!” अशी आरोळी ठोकावी? की काहीच न बोलता पुढच्या पंगतीला कोरडा भात वाढू द्यावा? की रागाने पळी टाकून घरी निघून जावे? या तिन्ही गोष्टी करणाऱ्या लायब्रऱ्या जगात पुष्कळ आहेत, हे सांगितल्यास श्रोत्यांना कदाचित खरे वाटणार नाही. पहिली चूक करून परक्याच्या पडद्यावर परस्पर मजकूर छापला जातो. दुसरी करून दोष गिळला जातो. आणि तिसरी करून सारी आज्ञावलीच बंद पाडली जाते. तिसरीबद्दल काही बोलावयासच नको. पहिली मात्र इतकी सोपी आणि इतकी मोहक आहे की तिच्याजवळ थोडे थांबणे भाग आहे.

सी भाषेत पडद्यावर अक्षरे उमटवावयाची तर ‘प्रिंटएफ’ हा एक शब्द पुरतो. भाषा शिकणाऱ्याचा पहिला धडाच तो. त्यामुळे लायब्ररी लिहिताना काही बिनसले की हात आपोआप त्याच शब्दाकडे जातो. पण ज्या वाटेने हा मजकूर जातो त्याच वाटेने आज्ञावलीचे खरे काम बाहेर पडत असते. एखादी आज्ञावली त्या वाटेने छायाचित्र पाठवीत असली आणि मध्येच लायब्ररीने “सावध, रंग थोडा फिका आहे” असे वाक्य त्यात सोडून दिले, तर ते वाक्य छायाचित्राच्या पोटात शिरते आणि पलीकडे चित्र उघडतच नाही. हा धोका बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी फार लवकर भोगला. तेथे १९७० नंतरच्या काळात फोटोच्या कागदावर अक्षरजुळणी करणारे एक यंत्र आले. त्यातून निघालेली लांबरुंद पट्टी एका दुर्गंधी यंत्रातून कित्येक मिनिटे धुऊन काढावी लागे, तेव्हा कोठे अक्षरे दिसत. स्टीव्ह जॉन्सन यांनी आठवण सांगितली आहे ती अशी की, एके दिवशी दुपारी कित्येकांवर सारखाच प्रसंग आला. धुण्याचा सारा सोपस्कार करून पट्टी हाती आली, तो तिच्यावर सुबक टाइपात एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. कुरकूर योग्य कानांपर्यंत पोहोचली, आणि दोनचार दिवसांतच तक्रारींसाठी एक निराळी वाट काढण्यात आली. तिला ‘स्टँडर्ड एरर’ म्हणतात आणि ती आजही आहे.

मग लायब्ररीने त्या निराळ्या वाटेने बोलावे की नाही? अनेकांचे उत्तर होकारार्थी असते. पण ते अपुरे आहे. फोनमध्ये त्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला बहुधा कोणीच बसलेले नसते. खिडक्यांच्या आज्ञावलीत तेथे शब्द टाकणे म्हणजे विहिरीत टाकणे. आणि कधी कधी घरधन्याने ती वाट दुसऱ्याच कामासाठी राखलेली असते. थोडक्यात, निरोप कोठे जावा हे ठरविण्याचा अधिकार लायब्ररीचा नाही. निरोप तयार करणे तिचे; तो फाइलीत लिहावयाचा, पडद्यावर दाखवावयाचा, दूरच्या संगणकाकडे धाडावयाचा की टाकून द्यावयाचा, हे घरधन्याचे. साऱ्या रचनेचा कणा हाच. हे एकदा मान्य केले म्हणजे बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप सुचतात, आणि हे मान्य केले नाही तर कितीही चतुराई फुकट जाते.

येथे एक आक्षेप येईल. काम फसले तर लायब्ररी उत्तरादाखल एक आकडा परत देतेच. मग आणखी निरोप कशाला? आक्षेप चुकीचा नाही. आकडा हवाच, कारण माणसांच्या वाक्यांपेक्षा आकड्यावर आज्ञावलीला झटपट निर्णय घेता येतो. परंतु ‘बिघाड क्रमांक ५४’ हाही आकडाच होता. शिवाय काही गोष्टी अशा असतात की त्यांत काम फसत नाही आणि तरी त्या कोणाला तरी कळल्या पाहिजेत. वीज गेल्यामुळे फोन मध्येच बंद पडला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर एस्क्यूलाइटने अर्धवट राहिलेला व्यवहार निस्तरून घेतला: आकडा सांगेल, सर्व ठीक. खरेच ठीक आहे. पण हीच गोष्ट दिवसातून दहादा घडू लागली तर ते बांधणाऱ्याला समजावयास हवे, आणि आकडा ते कधीच सांगणार नाही.

एस्क्यूलाइटने ही सोय कशी केली ते पाहण्याजोगे आहे. मूळ स्थितीत ती एक अक्षर बोलत नाही. ज्याला निरोप हवे असतील त्याने लायब्ररीचे काम सुरू होण्यापूर्वीच तिला दोन गोष्टी द्यावयाच्या. पहिली म्हणजे स्वतः लिहिलेल्या एका लहान कामाचा पत्ता. लायब्ररीला काही सांगावयाचे असेल तेव्हा तिने त्या पत्त्यावर हाक मारावी. अशा योजनेस ‘कॉलबॅक’ म्हणतात. यजमान आचाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवतो, “काही कमीजास्त झाले तर कोठीवरच्या काकांना सांगा,” तसेच हे. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. यजमान एक बंद चिठ्ठी देऊन ठेवतो. आचाऱ्याने ती उघडावयाची नाही, वाचावयाची नाही. काकांकडे निरोप नेताना जशीच्या तशी त्यांच्या हाती द्यावयाची. चिठ्ठीत काय आहे ते काका आणि यजमान जाणोत: नोंदीची वही कोठे ठेवली आहे तेही असेल, वा घराच्या कामाची आणखी एखादी खूण असेल. लायब्ररीला घरधन्याच्या व्यवस्थेतले काहीही कळण्याची गरज न पडता निरोप योग्य वहीत जाऊन पडतो. प्रत्येक निरोपाबरोबर ती चिठ्ठी, एक आकडा आणि एक वाक्य, एवढ्या तीनच वस्तू जातात.

या योजनेला काही अटी आहेत आणि त्या वाचताना लिहिणाऱ्याने किती ठेचा खाल्ल्या असतील याची कल्पना येते. निरोप ऐकणाऱ्याने तो ऐकत असताना लायब्ररीलाच उलट दुसरे काम सांगावयाचे नाही. सांगितले तर आचारी काकांच्या उत्तराची वाट पाहत उभा, काका आचाऱ्याच्या कामाची वाट पाहत उभे, आणि पंगत तशीच बसलेली. दुसरी अट अशी की एकाच आज्ञावलीत पुष्कळ कामे एकसमयावच्छेदेकरून चाललेली असतात; दोन निरोप एकाच क्षणी आले तरी त्यांची अक्षरे एकमेकांत मिसळू नयेत अशी तजवीज ऐकणाऱ्याने ठेवली पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, अट नव्हे, तर लायब्ररीने स्वतःला घालून घेतलेला नियम: निरोप तयार करताना नवी जागा मागावयाची नाही. संगणकाची स्मरणजागा संपली हा जर निरोप असेल, आणि तो लिहिण्यासाठी आणखी जागा मागितली, तर कागद संपल्याचे कळविण्यास कागद मागावा तसे होईल. म्हणून एस्क्यूलाइट काहीशे अक्षरांची ठरीव पाटी वापरते. वाक्य त्याहून लांब झाले तर शेपूट छाटते. शेपूट छाटलेला निरोप पोहोचतो. न पोहोचलेल्या पूर्ण निरोपापेक्षा तो केव्हाही बरा.

एस्क्यूलाइटची ही योजना साऱ्या आज्ञावलीसाठी मिळून एकच आहे. तिच्या कामाला ते चालून जाते. परंतु सर्वत्र हाच कित्ता गिरवावा असे मात्र नाही. एकाच घरात दोन कार्ये असतील आणि दोघांनी तोच आचारी बोलावला असेल, तर “काकांना सांगा” म्हणताना कोणत्या काकांना, हा प्रश्न येतोच. दुसऱ्याने आपला पत्ता दिला की पहिल्याचा पुसला जातो, आणि पहिल्याला त्याची दादही नसते. चलच्चित्रांचे काम करणाऱ्या ‘एफएफएमपेग’ या प्रसिद्ध लायब्ररीत पत्ता एकच असतो. मात्र प्रत्येक निरोपाबरोबर बोलणारा कोण त्याची खूण दिलेली असते, त्यामुळे चार चित्रपट एकदम उघडले असता तक्रार कोणत्या चित्रपटाची ते कळते. ‘लिबकर्ल’ ही दूरच्या संगणकांशी देवघेव करणारी लायब्ररी याच्याही पुढे जाते. तिच्यात प्रत्येक देवघेवीला निराळा पत्ता देता येतो, आणि हा निरोप म्हणजे तिचे स्वतःचे बोलणे आहे, की आलेला मजकूर आहे, की गेलेला, हेही ती वेगळे करून सांगते. नव्याने लायब्ररी रचणाऱ्याने लिबकर्लचीच वाट धरावी हे उत्तम. आरंभी चार ओळी अधिक लिहाव्या लागतात, पण पुढची वर्षे सुखाची जातात.

निरोपांच्या पायऱ्यांविषयी वाद फार जुना आहे. एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात बर्कली येथे टपालाच्या ‘सेंडमेल’ या आज्ञावलीबरोबर ‘सिसलॉग’ ही नोंदीची पद्धत तयार केली. तिच्यात शून्यापासून सातापर्यंत आठ पायऱ्या आहेत: शून्य म्हणजे सर्वस्व बुडाले, आणि सात म्हणजे लिहिणाऱ्यापुरती बारीकसारीक टिपणे. संबंध संगणकाचा कारभार पाहणाऱ्याला आठ पायऱ्या ठीक असतील. लायब्ररीने मात्र ‘सर्वस्व बुडाले’ असे म्हणण्याचे धाडस करू नये, कारण घरधन्याचे सर्वस्व कशात आहे हे तिला कळत नाही. एक फाइल उघडली नाही, हे वाचनालयाच्या आज्ञावलीत किरकोळ असेल आणि शस्त्रक्रियेच्या यंत्रात प्राणघातक असेल. दोष, इशारा, माहिती आणि टिपण, एवढ्या चार पायऱ्या तिला पुरेत. आणि त्या चारांतही कंजुषी हवी ती ‘दोष’ शब्दाची. टायलरच्या बाई निष्काळजी नव्हत्या. यंत्राने त्यांना इतक्या वेळा, इतक्या क्षुल्लक गोष्टींसाठी थांबविले होते की थांबणे म्हणजे कळ दाबणे, अशी सवय यंत्रानेच त्यांना लावली होती.

आता निरोपाच्या शब्दांकडे वळू. “फाइल उघडता आली नाही” हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि निरुपयोगी आहे. कोणती फाइल? कशाने उघडली नाही: ती नव्हतीच, की वाचण्याची परवानगी नव्हती, की डिस्क भरली होती? ही उत्तरे त्या क्षणी लायब्ररीच्या हातात असतात आणि पुढच्या क्षणी नाहीशी होतात. वाक्य लिहिणारा दिवसाढवळ्या, सारा संदर्भ डोक्यात असताना लिहितो. वाचणारा रात्री दोन वाजता, दुसऱ्या गावी, ती आज्ञावली कधीही न पाहिलेला असा कोणी असतो. त्याच्याकरिता लिहावयाचे. ज्या फाइलीतील ज्या ओळीवर निरोप जन्मला त्यांची नावे जोडण्याची सोय सी भाषेत जुनीच आहे, आणि १९९९ च्या प्रमाण आवृत्तीपासून चालू कामाचे नावही आपोआप घालता येते. घड्याळातील वेळ मात्र घरधन्याने लिहावी. प्रत्येक आचाऱ्याने आपापले घड्याळ आणले म्हणजे मुहूर्त चुकतो.

निरोपांना खर्चही पडतो. बारीक टिपणे क्षणाला हजारोंनी निघतात आणि बहुधा कोणालाच नको असतात. म्हणून निरोप ऐकावयास कोणी आहे काय, हे आधी विचारावे आणि मग वाक्य जुळवावे. उलट क्रमाने केले तर सुंदर वाक्ये जुळवून ती केरात टाकण्यात संगणकाचा वेळ जातो. ही गोष्ट सांगावयास क्षुल्लक आहे; तरी कित्येक नामांकित आज्ञावली तीवर अडखळल्या आहेत.

नोंदवही ही निरुपद्रवी वस्तू आहे, अशी समजूत २००० साली पार कोसळली. प्रिंटएफ आणि त्याची भावंडे यांना वाक्याचा साचा द्यावा लागतो. साच्यात टक्क्याचे चिन्ह आले की ते चिन्ह म्हणजे आज्ञा समजली जाते, आणि त्यांतील एक आज्ञा तर चक्क स्मरणजागेत आकडा लिहिते. लिनक्सवरील फाइलव्यवहाराच्या एका सेवेत परक्याकडून आलेला मजकूर सिसलॉगच्या हाती साचा म्हणूनच दिला जात असे. परक्याने मजकुरात हिशेबाने टक्के पेरले की नोंदवही लिहिणारा हातच त्याचा होई. २००१ च्या जानेवारीत ‘रॅमेन’ नावाचा किडा या व अशाच आणखी भोकांतून रेड हॅट लिनक्सच्या संगणकांत आपोआप पसरला, आणि त्यांवरील संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर त्याने शेवयांची थट्टा छापली. थट्टा निरुपद्रवी होती. दार उघडे होते, ते मात्र निरुपद्रवी नव्हते. उपाय एका ओळीचा: साचा नेहमी स्वतःचा, आणि परक्याचे शब्द त्याच्या पोटात नुसता मजकूर म्हणून. लायब्ररीने तर आपला निरोप साचा भरून, पुरा करूनच घरधन्याच्या हाती द्यावा.

वीस वर्षांनी हाच धडा दुसऱ्या भाषेत पुन्हा गिरवावा लागला. जावा भाषेतील ‘लॉगफोरजे’ ही नोंदीचीच लायब्ररी जगभर वापरात होती. नोंदीत विशिष्ट अक्षरे आली तर ती त्यांचा अर्थ लावी आणि दूरच्या संगणकावरून आणलेली आज्ञावली चालवून मोकळी होई. २०२१ च्या डिसेंबरात हे उघडकीस आले, तेव्हा ‘माइनक्राफ्ट’ या मुलांच्या खेळात गप्पांच्या चौकटीत एक ओळ टंकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. कारकुनाने रोजकीर्दीत लिहावयाचे असते. लिहिता लिहिता वाचून त्याप्रमाणे हुकूम सोडू लागला की त्याला कारकून कसे म्हणावे?

दुसरा धोका लपून राहतो. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी सभासदांना संकेतशब्द बदलण्याची सूचना केली. कारण ते संकेतशब्द गूढाक्षरांत बदलण्यापूर्वीच, जसेच्या तसे, अंतर्गत नोंदीत लिहिले जात होते. कोणी चोरले नव्हते. कारकुनाने फार इमानाने लिहिले होते, एवढेच. लिबकर्लसारख्या लायब्ररीला बोलते केले की ती आलेला आणि गेलेला सारा मजकूर दाखवू शकते, आणि त्यात कोणाच्या तरी घराची किल्ली असते. म्हणून बारीक टिपणांचे दार मूळ स्थितीत बंद असावे, आणि ते उघडणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असावे.

आणखी एक लहानशी गोष्ट, पण जिव्हाळ्याची. सी भाषेतील सामान्य वाट अक्षरे लगेच पुढे पाठवीत नाही. काही साठली म्हणजे एकदम सोडते. आज्ञावली अकस्मात कोसळली तर साठलेली अक्षरे तिच्याबरोबरच जातात, आणि नेमके शेवटचे वाक्य, ज्यासाठी सारा खटाटोप केला, तेच हरवते. तक्रारींची निराळी वाट मात्र साठवण करीत नाही. घरधन्याने नोंद फाइलीत ठेवली असेल, तर निदान ‘दोष’ या पायरीचा प्रत्येक निरोप त्याने तत्क्षणी पुढे ढकलावा.

टायलर येथे १९८६ च्या ११ एप्रिलला दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग आला, तोच ५४ हा आकडा घेऊन. तो रुग्ण तीन आठवड्यांत गेला. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र बंद ठेवले आणि त्या बाईंना बरोबर घेऊन तो पडद्यासमोर बसला. यंत्राने त्या दोन दिवसांची काहीही उपयुक्त नोंद ठेवलेली नव्हती. कोणती कळ आधी दाबली, कोठवर मागे गेलो, दुरुस्ती किती झटपट केली, हे बाईंना जेवढे आठवले तेवढेच हाती होते. दोघांनी पुन्हा पुन्हा तीच अक्षरे टंकली. सावकाश टंकली तर काहीच होत नसे. शेवटी बाईंच्या बोटांना नेहमीची गती आली, आणि पडद्यावर तो आकडा पुन्हा उमटला.